अंतर पृथ्वीचं, वेळ वाऱ्याची

डोंबिवलीपासून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती जेमतेम २७ किलोमीटरची भरते. ठाण्याहून ओढली तर १५, कल्याणहून ३२च्या आसपास. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान डोंबिवलीची ही रेघ दोन मिनिटांच्या आत संपवेल. बॅगा घेऊन निघालेलं कुटुंब मात्र शिळफाटा, महापे, ऐरोली असं करत दीड तास धरून चालतं, आणि अनुभवी माणसं अडीच. म्हणूनच आपल्याकडे अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. स्टेशन किती लांब? दहा मिनिटं. दादर? फास्ट मिळाली तर पाऊण तास. पनवेल? ते रस्त्यावर अवलंबून आहे.

मला ही सवय अगदी शास्त्रशुद्ध वाटते. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांचे मालकही वेगळे आहेत, हे ज्याला रोज अंगावर घ्यावं लागतं तोच असं बोलतो. आणि गंमत अशी, की रस्त्यावरची गर्दी, सिग्नल, फाटक यांतलं काहीही जिथे नाही, त्या बारा किलोमीटर उंचीवरच्या मोकळ्या आकाशातही हेच खरं आहे.

आपल्या भागातल्या कित्येक घरांचा एक तरी माणूस न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या पट्ट्यात असतो, तेव्हा तीच जोडी घेऊ. मुंबई ते न्यू यॉर्क, दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ९००ने भागलं की चौदा तासांच्या थोडं आतच उत्तर येतं. पण तिकिटावर जाताना सोळा-सतरा तास लिहिलेले असतात आणि येताना त्याहून दीड-दोन तास कमी. रस्ता तोच, विमान तेच, वैमानिकाचं कसबही तेच. मग हे तास जातात कुठे, आणि परतताना त्यातले काही परत मिळतात कसे? या एवढ्याशा प्रश्नाचा पाठलाग केला की पृथ्वीची गोलाई, तिचं फिरणं, वरच्या हवेचे प्रवाह, देशांची भांडणं आणि टाकीतलं इंधन, सगळं एकामागून एक समोर येतं.

पण आधी हा प्रवास एका कल्याणकन्येने कसा केला ते सांगायला हवं. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मल्या. त्याआधी अकरा वर्षं, १ मे १८५४ला, कल्याणपर्यंत रेल्वे आली होती. त्याच्याही आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर कापून तासाभराच्या आत ठाण्याला पोचली होती. आनंदीबाई १८८३च्या एप्रिलमध्ये, सातव्या तारखेला, कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या आणि इंग्लंडमार्गे ४ जूनला न्यू यॉर्कच्या धक्क्याला लागल्या. ५८ दिवस. वय अठरा, सोबत नात्यातलं कुणी नाही. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. आज मुंबईहून सुटलेलं विमान ज्या नेवार्क विमानतळावर उतरतं, तिथून रोझेल अगदी हाकेच्या अंतरावर आहे. डॉक्टर होण्यासाठी जिथे पोचायला एका मराठी मुलीला दोन महिने लागले, तिथे आज तिच्याच गावच्या मुली एका रात्रीत पोचतात. हे वाक्य लिहिताना मला दर वेळी भरून येतं आणि ते मी लपवत नाही.

अंतर मात्र १८८३मध्ये होतं तेवढंच आहे. आधी तेच पाहू.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो टेबलावर घ्या आणि शिवणाच्या डब्यातला दोरा काढा. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा. दुसरं टोक न्यू यॉर्कवर न्या आणि दोरा ताणा, अगदी ताठ होईपर्यंत. ताणताना तो आपोआप घसरतो, आणि घसरतो तो वरच्या बाजूला. पहिल्यांदा पाहणारा माणूस तो बोटाने खाली ढकलून ‘नीट’ करायला जातो, कारण डोक्यात शाळेच्या भिंतीवरचा नकाशा असतो. त्या नकाशात अमेरिका पश्चिमेला आहे, म्हणजे रस्ता अरबस्तान, इजिप्त, सहारा आणि अटलांटिक असा डावीकडे सरळ जायला हवा. दोरा ते ऐकत नाही. तो सौराष्ट्र आणि कच्छवरून सिंधमध्ये शिरतो, बलुचिस्तान ओलांडतो, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक असं करत रशियात मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान शहराजवळ पोचतो. तिथून सेंट पीटर्सबर्गला जवळजवळ स्पर्श करून फिनलंड, स्वीडन, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम. मग समुद्र, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचं लॅब्राडॉर, आणि तिथून खाली उतरत न्यू यॉर्क.

मी हे गणित कागदावर करून पाहिलं आहे. त्रिकोणमितीची दोन सूत्रं लागतात, बाकी काही नाही. उत्तर असं येतं, की न्यू यॉर्कला जायला निघालेल्या विमानाने मुंबई सोडताना नाक ठेवायचं ते पश्चिमेला नव्हे, तर उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेकडे. म्हणजे सौराष्ट्र-कच्छच्या बाजूला. आणि या वाटेचं सर्वांत उत्तरेचं टोक ६४.७ अक्षांशावर, फेरो बेटं आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रावर येतं. आर्क्टिक वृत्त तिथून दोनच अंश वर. मुंबई १९ अक्षांशावर, न्यू यॉर्क ४१च्या जवळ, आणि दोघींना जोडणारी सर्वांत आखूड वाट ६५च्या उंबरठ्यावरून जाते! उलट भिंतीवरच्या नकाशातली ती सरळसोट रेघ प्रत्यक्ष पृथ्वीवर मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. दोऱ्यापेक्षा दीड हजाराहून जास्त. मुंबई-दिल्ली अंतरापेक्षाही मोठा फरक, तो निव्वळ नकाशा सपाट आहे म्हणून.

यात नकाशाचा दोष नाही. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली तो खलाशांसाठी काढला होता, होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकता यावं म्हणून. तेवढं काम तो चोख करतो. त्यासाठी ध्रुवांकडचा भाग त्याला रबरासारखा ताणावा लागला, म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. दोऱ्याची वाट, जिला विमानवाले ग्रेट सर्कल म्हणतात, ही पृथ्वीच्या मध्यातून काप घेतल्यावर पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाची कड असते. गोलावर याहून आखूड वाट नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांना ही गोलाई उत्तम ठाऊक होती. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात त्यांनी एक शंका घेऊन तिचं उत्तर दिलं आहे: पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते? कारण मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि माणूस तर फारच छोटा आहे. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४००. म्हणजे डोंबिवली ते विमानतळ काय, मुंबई ते कोल्हापूर काय, कागदावरची सरळ रेघ आणि पृथ्वीवरची वाट यांत फरक पडत नाही. पण मुंबई-न्यू यॉर्क हा परिघाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. तिथे सगळा कारभार गोलाईकडे जातो.

आणि या गोलावर कमाल अंतर किती असू शकतं? परिघाच्या निम्मं, २०,००० किलोमीटर. डोंबिवलीतून पृथ्वीच्या पोटातून आरपार बोगदा खणला तर तो प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला सुमारे ९०० किलोमीटरवर बाहेर पडेल. पृथ्वीवरची दुसरी कुठलीही जागा डोंबिवलीला त्याहून जवळच आहे. सिंगापूर-न्यू यॉर्क ही आजची नियमित विमानसेवांमधली सर्वांत लांब उडी १५,३०० किलोमीटरच्या वर जाते आणि तिला अठरा तासांहून जास्त लागतात.

आता दोऱ्याच्या वाटेतल्या नावांकडे पुन्हा पाहा. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आकाशाला कुंपण नसतं असं आपण सहज म्हणतो, पण असतं. प्रत्येक देश आपल्या जमिनीवरच्या हवेचा मालक आहे आणि परवानगी नसेल तर कुणी आत येऊ शकत नाही. २०१९च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. २०२५च्या २४ एप्रिलपासून भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. रशियाचं आकाश २०२२पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे. अफगाणिस्तानवरची वाहतूक २०२१च्या ऑगस्टनंतर आटली. मग मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे, तिथून तुर्कस्तान आणि युरोपवरून अटलांटिककडे असा वळसा घेतं. भूमितीने दिलेली १२,५०० किलोमीटरची वाट राजकारण लांबवतं, आणि सोळा-सतरा तासांतला एक हिस्सा इथे खर्च होतो. त्या बंद सीमेचा हिशेब पुढच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसतो. विमानाची रेघ वाकडी होत जाते आणि उरलेले किलोमीटर कमी व्हायच्या ऐवजी काही काळ तेवढेच राहतात.

दुसरा हिस्सा वाऱ्याचा, आणि हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

डोंबिवली या क्षणी तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे. स्टेशन, पूल, फलाटावरची माणसं, सगळ्यांसकट. विषुववृत्तावरचा माणूस १,६७०ने धावतो आणि न्यू यॉर्कचा १,२७०ने, कारण उत्तरेकडे जावं तसं एका दिवसात कापायचं वर्तुळ लहान होत जातं. आपल्याला हे जाणवत नाही, कारण हवाही आपल्याबरोबर तेवढ्याच वेगाने फिरते. म्हणून विमान नुसतं हवेत अधांतरी थांबलं तर खालून अमेरिका फिरत येईल, हा शाळकरी मुलांचा लाडका बेत फसतो.

पण आता ही हवा हलवून पाहू. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून ध्रुवांकडे सरकू लागते. सरकताना ती आपला पूर्वेकडचा मूळ वेग बरोबर घेऊन जाते. खालची जमीन मात्र जागोजागी हळू होत जाते. जमिनीपेक्षा हवा वेगवान, म्हणजे जमिनीवरच्या माणसाच्या लेखी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. त्यात उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर तापमानाचा फरक तीव्र असतो, तिथे हा वारा अरुंद पट्ट्यात एकवटतो आणि ताशी शंभर, दोनशे, कधी तीनशे किलोमीटरवर जातो. ही जेट स्ट्रीम. काही हजार किलोमीटर लांब, काहीशे किलोमीटर रुंद आणि जाडीला जेमतेम काही किलोमीटर अशी हवेची नदी, नेमकी विमानांच्या उंचीवर.

तिचा पहिला पद्धतशीर शोध घेतला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून १९२०च्या दशकात तो फुगे सोडत असे आणि दुर्बिणीने त्यांचा पाठलाग करत असे. हिवाळ्यात फुगे विलक्षण वेगाने पूर्वेकडे पळत. साऱ्या जगाला कळावं म्हणून त्याने १९२६मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. जगाने तो वाचला नाही. १९४४मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना समोरून येणाऱ्या या वाऱ्याने जवळजवळ जागीच थोपवलं, तेव्हा त्याची ओळख पटली.

गणित सोपं आहे. विमान हवेतून ताशी ९००ने जातं, पण ती हवाच चालती आहे. वाटेत सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीवरून पाहणाऱ्याला विमानाचा वेग ८४० दिसेल आणि १२,५०० किलोमीटरला पंधरा तासांना थोडे कमी लागतील. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९६०, आणि प्रवास तेरा तासांचा. दोन बाजूंमधला फरक दोन तासांच्या जवळ. तिकिटावर जो फरक दिसतो तो हाच. अमेरिकेला जाणं म्हणजे पश्चिमेला जाणं, वाऱ्याच्या तोंडावर. परत येणं वाऱ्याबरोबर. आणि जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही, कारण संथ जाताना वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहावं लागतं, वेगात येताना कमी. वारा दोन्हीकडे सारखाच असला तरी जाऊन-येऊन प्रवासी थोडा तोट्यातच राहतो.

वाऱ्याची सत्ता किती, हे एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाने फार सुंदर दाखवलं. ही सेवा २०१५च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर आणि सोळा तासांहून अधिक वेळ. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. विमान दिल्लीहून पूर्वेकडे, चीन-जपानवरून प्रशांत महासागर ओलांडून पाठवलं. अंतर १५,३०० किलोमीटरच्या घरात गेलं, हजारावर किलोमीटर जास्त. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला. लांबची वाट लवकर पोचवते, कारण ती वाऱ्याच्या बाजूने जाते! ठाण्या-कल्याणच्या माणसाला यात नवल वाटू नये. जवळच्या रस्त्याने उशीर आणि लांबच्या रस्त्याने वेळेवर, हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. पण हीच गोष्ट दोन खंडांच्या मापात घडते तेव्हा माणूस थक्क होतो.

अशीच एक वाट उत्तर ध्रुवावरून जाते. जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आलेलं एअर इंडियाचं विमान ध्रुवाला ओलांडून उतरलं. या दोन शहरांमधलं हवाई अंतर १३,९९३ किलोमीटर, प्रवास सतरा तासांचा, आणि कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया. कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख आणि त्यांच्याबरोबरच्या वैमानिकांत आकांक्षा सोनावरे हे आपल्याकडचं नाव. हे वाचताना मला कल्याणच्या त्या अठरा वर्षांच्या मुलीचा बोटीवरचा उन्हाळा आठवला.

वाऱ्याकडे पाहून प्रवास आखणं कल्याणला मुळीच नवीन नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि अरबी समुद्रावरच्या बंदरांची माहिती देणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ लिहिला, त्यात ‘कल्लिएना’ नावाचं बंदर येतं. तेच आपलं कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे कल्याणचे व्यापारी शिलालेखांत भेटतात, त्यांचं धन याच खाडीतून आलेलं. इजिप्तहून निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास सुटत, म्हणजे नैर्ऋत्य मान्सूनचा वारा शिडात भरून भर समुद्रातून थेट हिंदुस्थानचा किनारा गाठता येई. परतायचं तर वारा उलटण्याची वाट पाहावी लागे, डिसेंबर-जानेवारीपर्यंत. किनाऱ्या-किनाऱ्याने जाण्यापेक्षा भर समुद्रातून वाऱ्याबरोबर जाणं जलद, ही युक्ती ज्या खलाशाच्या नावावर सांगतात त्याचं नाव हिप्पालस. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोच्या वैमानिकांनी केलं ते याहून वेगळं नाही. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीत गलबतं बांधायला काढली, तेव्हा तेही याच वाऱ्यांच्या भरवशावर.

आपल्या डोक्यावरचा उंच वारा मात्र ऋतूप्रमाणे वागतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी जेट स्ट्रीम हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर उतरते. त्या महिन्यांत मुंबई-कोलकाता लवकर होतं आणि कोलकाता-मुंबईला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात ती हिमालयाच्या पलीकडे सरकते आणि दक्षिण भारतावर १४-१५ किलोमीटर उंचीला चक्क उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जोरदार प्रवाह तयार होतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये तो जगापुढे मांडला. जुलैच्या धुवाधार पावसात खालचे ढग पश्चिमेकडून येत असतात आणि त्यांच्या कितीतरी वर हवा नेमकी उलट्या दिशेने धावत असते.

घड्याळाची करामत यात आणखी भर घालते. समजा, विमान मुंबईहून रात्री दीडला सुटलं आणि सोळा तास उडालं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले, पण हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणून तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सात. सोळा तास खर्च करून माणूस त्याच सकाळी उतरतो. खिडकीतून पाहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. ६० अक्षांशावर पृथ्वीचा फिरण्याचा वेग ताशी सुमारे ८४० किलोमीटर उरतो, आणि विमान तेवढ्याच वेगाने पश्चिमेला जाऊ शकतं. मग सूर्य क्षितिजावर जिथे असेल तिथेच खिळून राहतो. पहाट तासन् तास लांबते, कधी रात्र संपतच नाही. जुन्या मुंबईकरांना घड्याळ आणि सूर्य यांच्यातलं हे अंतर चांगलं परिचयाचं होतं. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटं मागे असलेला स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत सोडला नाही.

आता टाकी. बोइंग ७७७-३००ईआर हे लांब पल्ल्याचं विमान कमाल ३५१ टन वजन घेऊन उडू शकतं आणि त्याच्या टाक्यांत १४५ टन इंधन मावतं. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाच्या वजनात चाळीस टक्के नुसतं इंधन. त्यातलं बरंच तर उरलेलं इंधन उचलून नेण्यातच जळतं. म्हणून सुरुवातीला जड विमान खालच्या उंचीवर उडतं, हलकं होत जाईल तसं पायरीपायरीने वर चढतं. वाटेत कुठे वळसा वाढला किंवा समोरचा वारा अपेक्षेपेक्षा तगडा निघाला, तर त्याची तरतूद मुंबईतच करून ठेवावी लागते. १९६०च्या १४ मेला एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यू यॉर्कला जाऊ लागलं ते लंडनला थांबून. मध्ये न थांबता मुंबई-न्यू यॉर्क गाठायला २००७चा ऑगस्ट उजाडावा लागला. या ४७ वर्षांत विमानाचा वेग वाढलेला नाही. वाढला तो पल्ला, कमी इंधनात जास्त जाणाऱ्या इंजिनांमुळे.

रोज उड्डाणाच्या काही तास आधी त्या दिवसाचे वारे पाहून त्या दिवसाची वाट आखली जाते, म्हणून काल आणि आज गेलेल्या विमानांच्या रेघा सहसा एकावर एक बसत नाहीत. वेळापत्रकातला आकडा हा अनेक दिवसांच्या वाऱ्यांचा अंदाज असतो, आणि त्यात जमिनीवरचा वेळही धरलेला असतो: विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन थांबलं तिथपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. नवी मुंबईचं नवं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला प्रवाशांसाठी सुरू झालं. डोंबिवलीहून तेही सरळ रेघेत २५ किलोमीटर, थेट दक्षिणेला.

आणि एवढं सगळं वाऱ्याबद्दल वाचल्यावर मुंबईच्या मुख्य धावपट्टीचा आकडा पाहा: एका टोकाला ०९, दुसऱ्याला २७. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. समुद्राकडून येणारा वारा मुंबईत बहुतेक काळ पश्चिमेचा असतो, म्हणून विमानं बहुधा २७वरूनच, पश्चिमेला तोंड करून सुटतात आणि उतरतात. जो समोरचा वारा वाटेत तास खातो, तोच उडताना आणि उतरताना हवा असतो. पंखांवरून जाणारी हवा तो फुकटात वाढवतो आणि जमिनीवर कमी धावून काम भागतं. म्हणून न्यू यॉर्कहून चौदा तास पाठीशी वारा घेऊन आलेलं विमानही उतरायच्या आधी मुंबईच्या पूर्वेला, ठाणे-कल्याण-नवी मुंबईच्या बाजूला येतं, वळतं, आणि अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देत घाटकोपरवरून खाली उतरतं.